बंदराकडची सोयरीक

ताईची अट एकच होती: घरात नळ पाहिजे आणि नळाला पाणी पाहिजे. मुलगा काळा असो, बुटका असो, शेत असो नसो, तिचं काही म्हणणं नव्हतं. पाहुणे यायचे, पोहे व्हायचे, त्यांच्यातला एखादा म्हातारा उदार होऊन म्हणायचा, "पोरीला बी काय इचारायचं आसंल तर इचारू द्या," आणि ताई मान वर करून विचारायची, "तुमच्याकडं पाणी किती दिवसाला येतंय?" घास हातातच राहायचा. मुलीनं पगार विचारावा, फार तर सासूचा स्वभाव विचारावा. पाणी विचारणं म्हणजे पाहुण्यांच्या घरात शिरून डबे उघडून बघण्यासारखं. अशी काही स्थळं हातची गेली आणि मुरुमच्या आमच्या गल्लीत तिला 'नळवाली' हे नाव पडलं. हसणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या, आणि हसताना त्यांच्या डोक्यावर घागर असायची. मला त्या हसण्याचा आजही राग येतो. मी मोर्चाला बोलवायला गेले की त्याच बायका पहिल्या म्हणतात, "आमचं काय, आमाला चालतंय." काय चालतंय? कुणी ठरवलं चालतंय म्हणून?

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत माणसांपेक्षा भांडी जास्त. पिंपं, घागरी, कळश्या, तेलाचे डबे, एका लग्नात आहेर आलेलं आणि कधी स्वयंपाकाला न वापरलेलं मोठं पातेलं. पाणी कधी आठवड्यानं यायचं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, आणि वेळ तर सोडणाऱ्यालाच ठाऊक. त्यामुळं सगळ्या गल्लीचे कान नळाकडं. आधी नळातून हवा यायची, मग खाकरल्यासारखा आवाज, आणि मग समोरच्या गंगव्वाची हाक, "नीर बंतु! नीर बंतु!" आमच्या गल्लीत निम्मी घरं कानडी बोलतात, निम्मी मराठी, पण पाणी आल्याचं सगळ्यांना कानडीतच कळायचं. त्या हाकेमागून भांड्यांचा आवाज सुटायचा. घरात भांडी घासताना होतो तसला नव्हे. हाताला लागेल ते उचलून पळणाऱ्या बाईच्या हातात भांड्यांचा जो आवाज होतो तो. त्यात कडी असते, झाकण असतं, बांगडी असते, शेजारणीला हासडलेली शिवी असते. तो ऐकला की ताटावरून उठायचं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि आईनं रवीनं घोटघोटून केलेलं उडदाचं घुटं तसंच ताटात थिजायचं. गरम घुटं कसं लागतं ते मला बाहेरगावी राहायला लागल्यावर कळलं.

ताईनं उमरग्याच्या कॉलेजात नाव घातलं होतं. बसनं जायचं, बसनं यायचं. पण पाणी आलं की बस चुकायची, आणि एकदा परीक्षेच्या सकाळीच पाणी आलं. आईला तेव्हा ताप होता, मी लहान. ताई साडीला पिना लावून तयार होती. तिनं पिना काढल्या, पदर खोचला आणि नळावर गेली. परत कॉलेजला गेली नाही. घरात कुणी तिला जा म्हटलं नाही आणि कुणी जाऊ नको असंही म्हटलं नाही. अशा गोष्टींचा आमच्याकडं निकाल असाच लागतो, कुणी न बोलता.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. त्यांनी घागर उचललेली मी पाहिली नाही. मणक्याचा त्रास आहे असं सांगायचे. मणक्याचा त्रास असलेला हा माणूस रोज सायकल मारत शाळेत जात होता. ते भूगोल शिकवायचे. भिंतीवर नकाशा, हातात वेताची छडी, आणि छडी पश्चिम किनाऱ्यावरून खाली खाली सरकत जायची. प्रत्येक ठिपक्याला थांबून अण्णा विचारायचे, "आयात काय? निर्यात काय?" आणि आम्ही पोरं एका सुरात यादी म्हणायचो. मग शेवटचं वाक्य, ते सगळ्या बंदरांना एकच: "या बंदरामुळे परिसराचा विकास झाला." अण्णांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. वर्गातल्या कुणीच पाहिलेला नव्हता. पण परिसराचा विकास झाला याबद्दल कुणाला शंका नव्हती.

असल्या घरात आत्या अणदूरहून बंदरावरचं स्थळ घेऊन आली. अणदूरचंच एक कुटुंब, एक पिढी आधी पोटासाठी समुद्राकडं गेलेलं. बाप भगवानराव तिथल्या रसायनाच्या कारखान्यातून रिटायर झालेले, मुलगा संतोष बंदरावर कामाला, चाळीत स्वतःच्या दोन खोल्या. "आन् घरात नळ हाय," आत्या ताईकडं बघत म्हणाली, "ऐकलं नसशील तर परत सांगती, घरात नळ हाय." आई म्हणाली, लई लांब पडतंय. आत्या म्हणाली, "लांब काय गं वैनी? आमचा खंडोबा देव आसून दरसाल अणदूर-नळदुर्ग मुक्काम हलवतोय, माणसानं काय एकाच जागी बसून ऱ्हायचं?" खंडोबापुढं आई काय बोलणार.

आता पुढचं हसू येण्यासारखं आहे, पण मला येत नाही. समुद्राच्या काठचं स्थळ म्हटल्यावर अख्ख्या गल्लीनं ठरवून टाकलं की ताई पाण्यात जाऊन पडली. गंगव्वा म्हणाली, "समुद्रच की गं! आता काय कमी हाय तुला?" कुणीतरी म्हणालं, ते पाणी खारं असतं. तर आई म्हणाली, "खारं आसलं तर आसू दे. भांडी घासायला तर हुईल." चौथीच्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, समुद्र वेगळा आणि नळ वेगळा. पण ज्या गावानं पाणी फक्त टँकरच्या तोंडातून पडताना पाहिलंय, त्याला क्षितिजापर्यंत पाणी आहे असं सांगितलं की त्याची अक्कल तिथंच थांबते. अण्णा तर भूगोलाचे गुरुजी. त्यांनी त्या संध्याकाळी नकाशा घरी आणला आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवून ताईला म्हणाले, "हे बघ. महत्त्वाचं औद्योगिक बंदर आहे." जसं काही ताईचं लग्न ठिपक्याशी होतं.

आमच्याकडं सोयरीक पक्की करायच्या आधी मुलीकडची माणसं घर बघायला जातात. पुरुष शेत बघतात, भिंती बघतात. बायका पाणी बघतात. आत्या या कामात मुरलेली होती. गेल्या गेल्या तांब्या मागायचा, पहिला घोट तोंडात धरायचा, मग "हात धुवायचं हाय" म्हणून मागल्या दाराला जायचं. ती येऊन "पाणी चांगलंय" म्हणाली की सुपारी फुटायची. मुलीनं स्वतः घर बघायला जायची पद्धत नव्हती. जिला आयुष्य काढायचंय तिनं सोडून बाकी सगळ्यांनी बघायचं. म्हणून ताईनं मला पाठवलं. मी तेव्हा नववीत होते. निघायच्या आधी तिनं मला पडवीत ओढलं. "रंजे, आत्या तांब्या बघंल. तू नळ बघ. सोडून बघ, बंद कर, परत सोड."

"आन् पाणी नसलं तर?"

"तर येऊन माझ्या तोंडावर सांग. कुणाला इचारत बसू नको, सांगू का नको म्हणून."

बंदराचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, ते एक गाव तसलं, बाकीची बरी आहेत. कुठल्याही औद्योगिक बंदराचं नाव इथं घाला, फार काही खोडावं लागणार नाही. अण्णा, आत्या आणि मी एसटी बदलत बदलत गेलो आणि गाव दिसायच्या आधी त्याचा वास आला, नासक्या अंड्याचा. आत्यानं पदर नाकाला लावला. स्टँडवर घ्यायला आलेले भगवानराव छाती फुगवून म्हणाले, "ह्यो कारखान्याचा वास. आमाला आता येत बी न्हाय." संतोष मागं उभा होता, गळ्यात कंत्राटदारानं दिलेला पास, हातात आमची पिशवी घेतलेली. बोलायला कमी, पण नजर सरळ.

घरी नेण्याआधी भगवानरावांनी आम्हाला बंदर दाखवायला नेलं. आधी घर का नाही, हे आम्ही विचारलं नाही. धक्क्याच्या कुंपणाबाहेर उभं राहून त्यांनी हात पसरला. "हितं आधी काय बी नव्हतं, गुरुजी. नुसता चिखुल. हे समदं आमी उभं केलं." 'आधी काही नव्हतं' हे वाक्य मी पुढं इतक्या व्यासपीठांवरून ऐकलंय की ते ऐकू आलं की मी आता पहिल्यांदा विचारते, कोण नव्हतं? तिथं खाडी होती. मिठागरं होती आणि मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ ओढणारी माणसं होती. गलबतं कौलं घेऊन यायची, भात आणि सुकी मासळी घेऊन जायची. साहेबानं त्याच्या सोयीसाठी दगडी धक्का बांधला. साहेब गेला, आपलं सरकार आलं, त्यानं मिठागरं घेतली आणि तिथं रसायनाचे कारखाने बसवले, कारण जमीन स्वस्त आणि घाण सोडायला समुद्र शेजारी. मग मोठी जहाजं यावीत म्हणून खाडी खोल उपसली आणि मासे पळाले, मागून मासेवाले. त्यानंतर डबे आले, ते लोखंडी कंटेनर, एकावर एक रचलेले, आणि डबे उचलायला क्रेन आल्या. ज्या हमालांच्या पाठीवर ते गाव मोठं झालं होतं त्यांची पाठ कुणाला लागेनाशी झाली. हे सगळं मला नंतर, तिथल्या लोकांबरोबर काम करताना कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की बापाला कारखान्यात कायमची नोकरी होती आणि पोराला सहा-सहा महिन्यांचा पास होता, आणि बाप त्याला प्रगती म्हणत होता.

अण्णा मात्र परीक्षा घ्यायलाच आले होते. "इथून मँगनीज जात असेल," ते म्हणाले.

"मँगनीज?" भगवानराव म्हणाले. "न्हाय बा. डबे जात्यात."

"पण डब्यात काय?"

"त्ये कुणाला ठावं? डबा बंद आसतोय."

"पुस्तकात मँगनीज आहे," अण्णा म्हणाले. समुद्रानं त्यांना जेवढं हलवलं नाही तेवढं त्या डब्यांनी हलवलं. पहिल्यांदा समुद्र बघत होता हा माणूस. लाटांकडं त्यानं बघितलं की नाही कुणास ठाऊक.

मी बघत होते ट्रककडं. साखरेच्या पोत्यांचे ट्रक रांगेत उभे होते आणि त्यातल्या काहींच्या नंबरप्लेटवर एमएच पंचवीस. आमचा जिल्हा! मला उगाच आनंद झाला, गावाकडचं माणूस भेटावं तसा. आज तो आनंद आठवला की डोकं फिरतं. साखर म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे पाणी. ज्या जिल्ह्यात माझी बहीण परीक्षा सोडून नळावर गेली, त्या जिल्ह्याचं पाणी पोत्यात भरून परदेशी निघालं होतं आणि मी टाळ्या वाजवायची बाकी होते. निर्यात काय? साखर. गुरुजी, 'पाणी' असं लिहा.

धक्क्याला एक जहाज लागलं होतं आणि त्याच्या पोटात जाड नळी गेली होती. नळीचं दुसरं तोंड टँकरला. मी संतोषला विचारलं, हे काय चाललंय. "जहाजात गोडं पाणी भरतायत," तो म्हणाला.

"समुद्रात उभं राहून?"

"खारं पिऊन जहाजावरची माणसं जगतील का? डोंगरात धरण हाय, तिथनं पाईप येतो. पहिलं कारखान्याला, मग बंदराला, मग हाफिसरांच्या कॉलनीला..."

"आन् मग?"

भगवानराव खाकरले. संतोषनं आमची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "चला, आई वाट बघत आसंल."

घर खरंच पक्कं होतं. चाळीच्या ओळीतल्या दोन खोल्या, मागं छोटी मोरी, आणि मोरीत नळ. पितळी, चिंच लावून चकचकीत घासलेला. संतोषची आई, कमलमावशी, तुळजापूरकडची. तिची भाषा अजून तिकडचीच होती. तिनं आत्याला तांब्या दिला. आत्यानं घोट तोंडात धरला, डोळे मिटले, गिळला, आणि मान हलवली. मग तिची नजर भिंतीकडं गेली. भिंतीला लागून निळी पिंपं ओळीनं उभी, काठोकाठ भरलेली. आत्याचा चेहरा उजळला. "बाई बाई, केवढं पाणी!" ती अण्णांना ऐकू जाईल अशी म्हणाली. आमच्याकडं भरलेलं पिंप म्हणजे दागिना. त्या ओळीकडं बघून आत्याला घर श्रीमंत वाटलं, आणि अण्णांनाही. ज्या घरात रोज नळाला पाणी येतं तिथं एवढी पिंपं कशाला भरून ठेवतील, हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात आला नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आला नाही. मी मोरीत गेले. नळ सोडला, धार जोरात आली. बंद केला, परत सोडला, परत आली. ताईला जाऊन काय सांगायचं ते मी तिथंच मनात जुळवलंसुद्धा.

आणि तेवढ्यात बाहेर भांडी वाजली.

मी जागच्या जागी उभी राहिले. तो आवाज मला झोपेत कळला असता. कडी, झाकण, बांगडी, आणि पळणारे पाय. मला वाटलं आता कुणीतरी "नीर बंतु" ओरडणार. त्याऐवजी मागल्या दारात पाच-सहा बायका कळश्या घेऊन उभ्या राहिल्या. पुढची म्हणाली, "ओ कमळाबाई, आज कसं काय सुटलं? आपल्या ओळीचा आज वार न्हाय ना?"

"पावणे आल्यात गं," मावशी दबक्या आवाजात म्हणाली. "व्हॉल्ववाल्याला सांगून सोडायला लावलंय घंटाभर. दोन-दोन कळश्या घ्या आन् निघा. बोंबलू नका."

"तुमचे पावणे रोज येऊ देत बाई," मागून एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, आणि हसता हसता रांग लावून भरायला लागल्या. दोघींची रांगेवरून जुंपलीही. पुढच्या खोलीत अण्णा भगवानरावांना बंदर आणि गोदी यातला फरक समजावून सांगत होते.

मी मावशीला सरळच विचारलं, "मावशी, पाणी रोज येत न्हाय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. लपवावं की नको असं काही तिच्या चेहऱ्यावर आलंच नाही. तिला वाटलं असावं, एवढं तर पोरीला ठाऊक असणारच. "रोज? रोज कुठं येतंय गं? म्हणून तर तुमच्याकडं सोयरीक बघतोय. इकडच्या पोरी ह्या वस्तीत नांदत न्हाईत. आली तर महिन्यात म्हायेरला पळती. तुमच्या भागातल्या पोरींना सवय आसती. रांगंला उभं ऱ्हायची, भांडायची, कळश्या वाहायची. कुरकुर न्हाय." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कौतुक केलं तिनं आमचं.

मी पुढं कितीतरी पत्रकं लिहिली. बंदरांवर लिहिली, पाईपलाईनींवर लिहिली. हल्ली आमच्या उमरग्याजवळ हायवेला 'कोरडं बंदर' होणार म्हणून बोर्ड लागलाय, म्हणजे समुद्र नसलेलं बंदर, नुसते डबे आणि ट्रक. त्याच्याविरुद्धचं पत्रक आत्ता माझ्यासमोर अर्धं पडलंय. ओलं बंदर बघितलंय, कोरडं काय करील ते मला कुणी शिकवायला नको. पण त्या मोरीत, चिंचेनं घासलेल्या नळाशेजारी जे कळलं, ते एकाही पत्रकात मला नीट मांडता आलं नाही. अण्णांच्या आयात मालाच्या यादीत कोळसा होता, तेल होतं, यंत्रं होती. आम्ही नव्हतो. दुष्काळानं तयार करून दिलेल्या, रांगेची सवय असलेल्या, कुरकुर न करणाऱ्या पोरी. साखर पाठवली, वर पोरीही पाठवायच्या, आणि गुरुजींनी फळ्यावर लिहायचं, परिसराचा विकास झाला.

जेवायला मावशीनं मुद्दाम आमच्यासाठी उडदाचं घुटं केलं होतं. डाळ शिजली नव्हती. "कालचं टँकरचं जड पाणी, त्यात डाळ मऊ होत न्हाय," ती आत्याच्या कानात म्हणाली, आणि आत्यानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. पिंपं मोजून झाली होती तिची.

परतीच्या एसटीत अण्णांनी मला खिडकीकडं बसवलं आणि अर्ध्या वाटेत विचारलं, "नळाला पाणी होतं का नव्हतं?"

"होतं, पण अण्णा—"

"प्रश्नाचं उत्तर मिळालं. विचारलं तेवढंच लिहायचं. पण-बिण लिहिलं की गुण जातात."

घरी पोचल्यावर मी ताईला पडवीत गाठलं आणि सगळं सांगितलं. व्हॉल्ववाला, बायका, मावशीनं डोक्यावर ठेवलेला हात. ताई चिंच निवडत होती. तिनं मधेच एकदा विचारलं, "भांडत होत्या का?"

"व्हय. आपल्यापेक्षा मोठ्यानं."

"आन् त्यो पोरगा?"

"बरा हाय गं. खरं बोलत व्हता, बापानं मधीच थांबवलं."

 मला वाटलं होतं ती रडेल, चिडेल, आईकडं जाईल. तिनं निवडलेली चिंच एका बाजूला केली, चिंचोके एका बाजूला, आणि उठली. पुढच्याच आठवड्यात अण्णांनी सुपारी फोडायचा दिवस धरला. ताईला कुणी विचारलं नाही. नळ बघून झाला होता, विचारायचं काय उरलं होतं?

ताई पुढं नर्सिंगचा कोर्स करून आज उमरग्याला एका दवाखान्यात नर्स आहे. हे वाचून ती म्हणणार, मी एवढं मोठ्यानं बोलले नव्हते. बोलली होती. मी दाराआड उभी होते आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

पाहुणे आले. भगवानराव, कमलमावशी, संतोष. पडवीत सतरंजी, ताटात सुपारी, हळदीकुंकू, शेजारची दोन वडीलधारी माणसं. आईनं शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या, त्यावर तूप. ताई चहा घेऊन आली, सगळ्यांना दिला, आणि आत जायच्या ऐवजी तिथंच उभी राहिली.

"काका, तुमच्याकडं पाणी किती दिवसाला येतंय?"

"सुनंदा!" अण्णा म्हणाले.

"पावण्यांनी बघितलंय की," भगवानराव हसून म्हणाले. "तुझ्या आत्यानं पिऊन बघितलंय."

"त्ये सोडायला लावलेलं व्हतं."

आत्या पदराशी खेळायला लागली. संतोषनं कप खाली ठेवला. "दोन दिवसाआड," तो म्हणाला. "उन्हाळ्यात त्ये बी न्हाय. टँकर."

"तू गप," भगवानराव म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि अण्णांकडं वळले, आणि मला कबूल केलं पाहिजे, ते जे बोलले त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. "गुरुजी, खरं हाय त्ये खरं हाय. पण तुमच्याकडं तरी काय हाय? हितं आठवड्यानं, तिथं दोन दिवसाआड. शिवाय पगार. पोरीचं वाईट काय हुतंय? तिला तर सवय हाय."

अण्णांनी मान हलवली. शेजारच्या म्हाताऱ्यांनी मान हलवली. हिशेब बरोबर होता, आणि बरोबर हिशेबापुढं आमच्याकडचे पुरुष लगेच मान हलवतात.

"मला सवय न्हाय," ताई म्हणाली.

कुणीतरी हसलं. पडवीभर पिंपं होती.

"हसू नका," ती म्हणाली. "लहानपणापास्नं भरते. एक दिवस सुदीक सवय झाली न्हाय. रोज वाटतंय, हे का करायचं? रोज. आमी बोलत न्हाय म्हणून तुमाला वाटतंय आमाला सवय झाली."

"बापासमोर असं बोलत्यात व्हय?" भगवानराव म्हणाले. "पोरगी जरा जास्तच—"

"मला बी न्हाय झाली."

सगळ्यांनी वळून बघितलं. कमलमावशी बोलली होती. बशीतला चहा बशीतच होता.

"काय न्हाय झाली?" भगवानराव म्हणाले.

"पाण्याची सवय. ह्या पोरीएवढी व्हते, तवा नेलं तुमी मला. तुमच्या आईनं बी माझ्या आईला हेच सांगितलं व्हतं, पोरीला सवय हाय म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता, अंगणातल्या कामाबद्दल बोलावं तशी बोलत होती. "आन् आता म्या बी तेच सांगत फिरते. ह्या बारकीच्या तोंडावर सांगितलं, हिच्या डोक्यावर हात ठिवून." तिनं दाराआडच्या माझ्याकडं बघितलं. मग बशी खाली ठेवली आणि आईकडं वळली. "वैनी, देऊ नका पोरगी. सासू मी हुणार, म्हणून मीच सांगते."

"अगं कमल, काय बोलतीस?" भगवानराव उभे राहिले. अण्णा म्हणाले, थांबा, थांबा, बसून बोलू. शेजारचे म्हातारे म्हणाले, एवढी पिंपं भरून ठेवलेली दिसली तर आत्यानं विचारायला नको का, कशाला म्हणून, आणि आत्या म्हणाली, माझं काय चुकलं, पाणी गोडच होतं. संतोष मात्र आईजवळ जाऊन उभा राहिला आणि तिची पिशवी उचलली.

आईनं कुंकवाचा करंडा घेतला, मावशीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत शेंगाच्या पोळ्या बांधून दिल्या, आणि आई, ताई, मी, आम्ही तिघी तिला नि संतोषला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. पडवीत पुरुष अजून कुणाचं चुकलं ते ठरवत बसले होते.